दोन गटांतले उंदीर

"उंदरांना ते जंतू देतेस आणि सख्ख्या बहिणीला नाही," ताई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. कपडे शिवून देणाऱ्या ताईचं वजन आणि साखर, दोन्ही गेली कित्येक वर्षं कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती.

"अजून माणसांवर तपासलेलं नाही गं," धाकटीनं शंभराव्यांदा सांगितलं.

धाकटी प्रयोगशाळेत उंदरांना चरबीदार खाणं घालून लठ्ठ करायची. अशा खाण्यानं आतड्यातले जंतू बदलतात, आतड्याचं अस्तर सैल पडतं, आणि मेलेल्या जंतूंचे तुकडे चरबीच्या जोडीनं रक्तात शिरतात. मग अंगभर मंद सूज धुमसत राहते आणि इन्सुलिन असूनही साखर रक्तातच तुंबते. धाकटीनं निम्म्या उंदरांना तेच खाणं दिलं, पण सोबत एक विशिष्ट जंतू पाजला. त्यांचं अस्तर टिकलं, साखरही आटोक्यात राहिली. खाणं तेच, भूक तीच, तरी फरक. हे सिद्ध झालं असतं तर ताईला खादाड म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली असती.

सोमवारी ती कामावर आली तर खोलीत निम्मेच पिंजरे.

"रविवारी थंडाव्याचं यंत्र बंद पडलं," प्राणीगृहाचे व्यवस्थापक म्हणाले. "शेजारच्या खोलीत हलवले, तिथे जागा कमी, म्हणून दोन-दोन पिंजऱ्यांतले एकत्र केले. आज पहाटे परत आणले. कानावर खुणा आहेत, ओळखता येतील. एकही दगावू दिला नाही."

धाकटीनं पिंजऱ्यांत डोकावून पाहिलं; दोन्ही गटांचे उंदीर एकाच भुशात लोळत होते. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. दिवसभरात याच्या पोटातले जंतू त्याच्या पोटात गेले असणार. दोन गट आता फक्त कानांवर उरले होते. चिडायचं तरी कुणावर? त्या माणसानं तिचे उंदीर जिवंत ठेवले होते.

तिनं तरीही आशेनं रक्त तपासलं, विष्ठा तपासली. सगळा काला झालेला. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. "पहिल्यापासून करावं लागेल. नवे उंदीर मागव."

तशीच तणतणत ती ताईकडे गेली. ताई कात्री बाजूला ठेवून बिस्किटं खात बसली होती.

"तोंडावर जरा ताबा ठेवता येत नाही तुला?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

ताईनं हातातलं बिस्किट डब्यात ठेवलं. झाकण नीट लावलं.

"हे मला दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा ऐकवतात," ती म्हणाली. "तू तरी वेगळं काही बोलशील असं वाटायचं."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं उंदरांची सगळी हकिकत सांगितली, माफी मागितली. ताईनं हं हं केलं, पण चहा काही विचारला नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी ताईला इन्सुलिन सुरू केलं. ताईचा फोन आला तो कामापुरता. "तुला सुया टोचायची सवय आहे. शिकव."

धाकटीनं पोटावरची कातडी चिमटीत कशी धरायची ते दाखवलं. ताईनं दात आवळून टोचून घेतलं.

"दुखलं?"

"तुझ्या बोलण्याइतकं नाही." आणि मग सुई तिच्या हातात देत, "नवे उंदीर आले का?"

"आले. पण ते लठ्ठ व्हायलाच कित्येक महिने जाणार, मग पुढचं. हातात काही येईल की नाही, तेही सांगता येत नाही."

"महिने कशाला?" ताई कुर्ता खाली ओढत म्हणाली. "मला तर श्वास घेतला तरी वजन चढतं."

धाकटीला हसू आलं नाही. ती सुई डब्यात टाकत म्हणाली, "ते का होतं, तेच शोधतेय गं. सापडत नाहीये."

ताईनं मशीनपुढची खुर्ची ओढली आणि अर्धवट राहिलेली बाही शिवायला घेतली.