तगरगंठोड्याची उशी

घड्याळजींची मांजर इतकी भित्री, की दारावरची बेल वाजली रे वाजली, बाई कपाटामागे गडप! घड्याळजींना ते चालत होतं, पण त्यांच्या मेव्हणीला चालेना.

"अहो भाऊजी, मुका जीव भीतीने आतून पोखरला जातोय! ही तगरगंठोड्याची मुळी आणलीय. माझं डोकं हिच्यामुळेच शांत राहतं."

मेव्हणीचं डोकं शांत असल्याचा पुरावा आजवर कुणाला मिळाला नव्हता, पण तिला सांगणार कोण? तिने मुळी कुटली आणि इवलीशी उशी शिवली. न धुतलेल्या मोज्यांसारखा वास घरभर सुटला.

मांजरीने उशी हुंगली मात्र, तिच्या अंगातच आलं. तिने उशीला लाथा घातल्या, पडद्याला लोंबकळली, आणि दुरुस्तीला खोललेल्या घड्याळाची चाकं टेबलावरून उधळून दिली. वासामागोमाग शेजारचे तीन बोकेही खिडकीतून आत आले.

घड्याळजींनी घाबरून जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या पोट धरून हसल्या. "अहो, त्या मुळीने माणसाला झोप येते. मांजरांना ती चढते!"

तेवढ्यात बेल वाजली. मांजर शेपटी ताठ करून दारात हजर.

"बघा, गेली की नाही भीती?" मेव्हणी म्हणाली.

पण ऐकायला भाऊजी होते कुठे? ते कपाटामागे अंग चोरून बसले होते. तिथे अंधार होता, ऊब होती, मेव्हणीचा आवाजही जेमतेम पोचत होता. मांजरीला तिचं औषध केव्हाच सापडलं होतं, हे त्यांना आत्ता कळलं.