एका दावणीत दोन पंक्ती

देवगाव रंगारीत म्हाळसाबाईला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. सुनांची नाही आणि शेळ्यांचीही नाही. म्हणूनच गारखेड्याची मृण्मयी शेळ्या शोधत आली, तेव्हा गावानं तिला म्हाळसाबाईच्याच शेळ्यांचा वाडा दाखवला. पोरगी जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. शेळीला तेल चारलं तर तिच्या रक्तातली चरबी कशी बदलते, हे तिला बघायचं होतं. निम्म्या शेळ्यांच्या भरड्यात जवसाचं तेल, निम्म्यांना भरडा नुसता. तेल मृण्मयीनं आणायचं, चारायचं म्हाळसाबाईनं.

आज मृण्मयी रक्ताचे रिपोर्ट घेऊन आली आणि दारातच मटकन बसली.

"आजी, चरबी दोन्हीकडं सारखीच वाढलीय. सर म्हणतात, मीच रक्ताच्या नळ्यांची सरमिसळ केली. एवढंही जमत नसेल तर शिक्षण सोड म्हणतात."

म्हाळसाबाई बाभळीचा पाला तोडून आली होती. खांदा ठणकत होता. तिनं भारा खाली टाकला. दमल्या जिवात खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

"नळ्या तुझ्या बराबर हायेत. तेल म्या समद्यांना वाटलं."

"का पण?"

"का म्हंजी? एका दावणीच्या त्या. एकीच्या घमेल्यात तेल आन् शेजारची जिभल्या चाटत बघती! पंगतीत एकाला तूप वाढलं आन् दुसऱ्याला वगळलं, तर माणूस पानावरून उठतंय. असला पंक्तिप्रपंच माझ्या सासूनं नाय केला. म्या करू व्हय?"

"आजी, त्या शेळ्या आहेत!"

"म्हणून तर गप हायेत. तुझ्या सरासारखं तोंड असतं तर बोलल्या असत्या."

मृण्मयी हसली नाही. पदर नव्हता, ओढणीनंच डोळे पुसत राहिली. म्हाळसाबाईला ते बघवेना.

"लाव फोन त्याला."

'चुकलं' हा शब्द तिनं आजवर दुसऱ्यांच्याच तोंडून वदवून घेतला होता. फोन कानाला लावून ती बराच वेळ खाकरली.

"साहेब, पोरीला नाहक बोललात. तेल म्या वाटलं. चुकलं माझं. आता तिला पुन्हा करू द्या."

पलीकडून सर काय बोलले, ते तिनं ऐकून घेतलं. जन्मात कुणाचं एवढं ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, आधी सगळ्यांचं तेल बंद करा, रक्त पूर्ववत होऊ द्या, मग पहिल्यापासून सुरू करा.

तेल पुन्हा सुरू झालं त्या सकाळी म्हाळसाबाईनं वाड्याच्या मधोमध जुनं लुगडं आडवं बांधलं. नजर अडली, वास अडेना. अलीकडच्या बिनतेलाच्या शेळ्यांनी घमेली हुंगली आणि भरड्याला तोंड न लावता माना वर केल्या.

म्हाळसाबाईनं तोंड फिरवलं.

"माझ्याकडं काय बघता? खा मुकाट्यानं," ती थकून म्हणाली. "लेकराच्या शिक्षणाचं हाय."