पहिला नंबर बोटीला

एक्स्चेंजबाई दर शनिवारी दुपारी दाताच्या दवाखान्याचा जिना चढायच्या त्या भांडायच्या तयारीनेच. दात सगळे शाबूत होते, तेव्हा तक्रार दातांची नव्हती. भांडण असायचं ते हॉलिवूडमधल्या एका कधीच मरून गेलेल्या माणसाचा कुठला सिनेमा कितव्या नंबरावर लावायचा, याचं.

त्या माणसाला ही मंडळी ‘मालक’ म्हणत. गोष्ट तोच लिहायचा, संवाद तोच लिहायचा, दिग्दर्शनही त्याचंच, आणि आपल्या एका शब्दाला कुणाला बोट लावू द्यायचा नाही, म्हणून मालक. त्याचे एकूण अकरा सिनेमे. सगळे काळेपांढरे आणि सगळ्यांतली माणसं इतकी तोंडाळ की श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाहीत. सिनेमांच्या मूळ नावांच्या भानगडीत कुणी पडत नसे. यांचं आपलं ‘हॅटवाला’, ‘तीन वकील’, ‘बोट’ असं चाले.

मंडळी म्हणजे चार डोकी. दवाखाना ज्यांचा ते डॉक्टर. कोपऱ्यावरचे बेकरीवाले, जे दर वेळी केक आणायचे आणि निम्मा स्वतःच संपवायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या भूगोलबाई. आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सबंध नोकरी ऑपरेटर म्हणून काढलेल्या आपल्या एक्स्चेंजबाई. शनिवारी दवाखाना अर्धा दिवस. पेशंट गेले की डॉक्टर बाकं फिरवायचे, खिडक्यांना जाड पडदे लावायचे, प्रोजेक्टर सुरू करायचे आणि फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांच्या साक्षीने पांढऱ्या भिंतीवर हॉलिवूड अवतरायचं.

पहिल्या वर्षीच एक नियम ठरला होता. अकराही सिनेमांचे नंबर चौघांना मान्य झाले की मालकांना रामराम ठोकायचा आणि पुढचा दिग्दर्शक घ्यायचा. तोवर मालकच. नियम केला तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात उरकेल. पण वर्षांमागून वर्षं गेली आणि भिंतीवरच्या फळ्यावरची यादी काही जमेना. कारण एकच, एक्स्चेंजबाई. गेल्या वर्षी त्यांनीच ‘तीन वकील’ चौथा म्हणून गळी उतरवला आणि यंदा त्याच म्हणाल्या, चौथा कसला, आठवासुद्धा नाही. बेकरीवाल्यांनी तर हात टेकले होते.

“बाई, तुम्ही मुद्दाम करता,” ते म्हणत.

“हो ना,” बाई म्हणत, आणि सगळे हसत.

आता खरी गोष्ट अशी, की बेकरीवाले बरोबर बोलत होते. बाई मुद्दामच करत होत्या.

बाईंना ऐकू येत नव्हतं. एकदम गेलं नाही, चोरपावलांनी गेलं. आधी दाराची घंटा गेली, मग शेजारणीचं बोलणं, मग बातम्या. कानाच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहून दिलं, की यंत्राने आवाज मोठा होईल, शब्द काही उमटणार नाहीत. बाईंनी तरी यंत्र घेतलं. चमचा पडला तर डोक्यात घण बसायचा आणि माणूस बोललं तर नुसती खरखर. यंत्र कपाटात गेलं, आणि बाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. जिने जन्मभर दुसऱ्याचं ऐकून पोट भरलं, शहरात कुणाचा आवाज कुठल्या वाडीचा हे हॅलोवरून ओळखलं, तिने सांगायचं काय? लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

उजेडात, समोर माणूस असलं, तर ओठांवरून निम्मंअर्धं कळे. उरलेल्या निम्म्यासाठी ‘हो ना’ होतं. ‘हो ना’ कुठेही बसतं. एकटीचं घर, भाजीवाल्याशी बोटांनी व्यवहार, आणि रविवारी सकाळी दहाला भाचीचा फोन. थोरल्या बहिणीची ही एकुलती मुलगी दूरच्या गावी नोकरीला होती. बाई पावणेदहापासून फोनवर तळहात ठेवून बसत. घंटी हाताला थरथरली की उचलायचा आणि सुरू व्हायचं. पाण्याचं, भाजीचं, शेजारणीच्या मांजराचं, एका दमात सगळं सांगायचं, पलीकडे फट म्हणून मिळू द्यायची नाही, आणि ‘चल, ठेवते’ म्हणून मोकळं व्हायचं. भाचीला वाटे, मावशी वयोमानाने बडबडी झाली.

मालकांचे अकरा सिनेमे मात्र बाईंना तोंडपाठ होते. कान शाबूत असताना प्रत्येक इतक्यांदा पाहिलेला की ओठ हलले की शब्द डोक्यात आपोआप वाजत. कुठे हसायचं, कुठे ‘अहाहा’ करायचं, सगळं पक्कं. किंबहुना त्या सगळ्यांच्या आधी क्षणभर हसत, म्हणजे चुकायला नको. त्या तीन तासांत बाई बहिऱ्या नव्हत्या. चारचौघांत बसून, चारचौघांसारख्या हसणाऱ्या होत्या. यादी जमली की हे संपणार. नवा दिग्दर्शक येणार, नवे सिनेमे येणार, आणि अंधारात बाई एकट्या पडणार. शनिवार गेला तर आठवड्यात उरतं काय? म्हणून यादी जमू द्यायची नाही.

पडद्याखाली अक्षरं लावायची सोय होती, नव्हती असं नाही. पण पहिल्याच वर्षी अक्षरांचा विषय निघाला तेव्हा, “मालकांचे संवाद वाचायचे? अक्षरं लावलीत तर मी उठून जाईन,” असं छातीठोकपणे म्हणणाऱ्या बाई कोण होत्या? ह्याच. आता कुठल्या तोंडाने मागायच्या?

त्या शनिवारी फळ्यावर तीन ते अकरा नंबर भरलेले होते. बाईंचं जरा दुर्लक्ष झालं आणि तेवढ्यात मंडळींनी नऊ ठिकाणी समेट करून टाकला होता. राहिले होते फक्त पहिला आणि दुसरा, आणि पहिल्यावर अडलं होतं. बेकरीवाले ‘हॅटवाल्या’साठी अडून बसलेले, डॉक्टर आणि भूगोलबाई ‘बोटी’च्या बाजूने. बाईंनी ठरवलं होतं, ‘बोट’ पुन्हा बघू, मग आपण ‘हॅटवाल्या’कडे जायचं. दोन विरुद्ध दोन. आणखी एक वर्ष सुटलं.

सिनेमा सुरू करण्याआधी डॉक्टर प्रोजेक्टरच्या झोतापुढे उभे राहून काहीतरी बोलले. मागून उजेड, चेहरा काळाठिक्कर. बाईंना ओठ दिसले नाहीत. बेकरीवाल्यांनी टाळी वाजवली, म्हणून बाईंनीही वाजवली.

‘बोटी’ची गोष्ट साधी आहे. नवराबायकोची बोट चुकते आणि दोघांना बंदरावरच्या एका भिकार हॉटेलात आठवडा काढावा लागतो. त्यात एक प्रसंग या मंडळींचा जीव की प्राण. बायको रागाने जिना उतरून येते, काउंटरवरची घंटी बडवते, आणि काउंटरखालून हॉटेलच्या कारकुनाचं डोकं वर येतं. हातात ब्रश. म्हणतो, “बाई, घंटी वाजवून बोट परत येत नसते.” हातात ब्रश का, यावर या लोकांनी दोन पावसाळे वाद घातला होता. बेकरीवाल्यांच्या मते तो दाढीचा ब्रश.

बायको जिना उतरली. घंटी बडवली. डोकं वर आलं, हातात ब्रश. आणि बाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी, मोकळ्या गळ्याने हसल्या.

शेजारच्या बाकावर कुणाचेच खांदे हलले नाहीत.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. कारकून ते वाक्य बोललाच नव्हता. त्याने काउंटरखालून एक लाकडी होडी काढली होती, लहान मुलाच्या खेळण्यातली, अर्धी रंगवलेली. ती त्याने काउंटरवर ठेवली आणि तो बोलू लागला. हळू बोलत होता, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. मध्येच त्याने तळहाताने लहान मुलाची उंची दाखवली आणि मग दाराबाहेर, समुद्राकडे हात केला. बाईंनी हा प्रसंग जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या ओठांबरोबर त्यांच्या डोक्यात एकही शब्द वाजेना. बायकोचा राग उतरला, ती स्टुलावर बसली, तिचे डोळे भरले. कारकून बोलतच होता. मग त्याने होडी पुन्हा खाली ठेवली आणि ते बोट परत न येण्याचं वाक्य म्हटलं. ते बाईंनी ओळखलं. या वेळी त्यावर कुणीच हसलं नाही.

दिवे लागले तेव्हा तिघंही बाईंकडे बघत होते.

“नवी प्रत आहे, कापलेला प्रसंग परत जोडलाय, हे मी सांगितलंच होतं,” डॉक्टर म्हणाले. आता उजेड होता, ओठ दिसत होते. “पण बाई, तुम्ही हसलात?”

“अशा ठिकाणी?” भूगोलबाईंनी रुमालाने डोळे टिपत विचारलं.

खरं सांगायची ही वेळ होती. तीन शब्दांचं काम होतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि बेकरीवाले भुवया उंचावून, अगदी आदराने वाट बघताना दिसले. या लोकांच्या लेखी मालकांबद्दलचा शेवटचा शब्द बाईंचा असे. तो आदर बाईंना सोडवेना.

“का हसू नये?” त्या म्हणाल्या, आणि वेळ मारून न्यायला बोलत सुटल्या. त्यांनी फक्त डोळ्यांनी पाहिलं होतं, तेवढ्यावरच सगळी इमारत उभी केली. “ती होडी बघा ना. केवढीशी. जो मुलगा गेला तो एव्हाना बाप्या झाला असेल. आला तर ती होडी घेऊन काय करील? हे त्या कारकुनाला कळत नाही? कळतं. आणि तरी रंग देत बसलाय, रोज रात्री, काउंटरखाली बसून, कुणी बघू नये म्हणून! वर आला की काय, तर विनोद. जगाला दाखवायला विनोद, आणि खाली ब्रश. मला हसू आलं ते त्याचं. असं वागणाऱ्या माणसाचं हसूच यायला हवं. मालकांनी आधी आपल्याला इतकी वर्षं हसवलं आणि आज दाखवलं की कशाला हसत होता. यापुढे तुमचा तो ‘हॅटवाला’ पोरखेळ आहे.”

तिघं थक्क होऊन बघत होते. बेकरीवाल्यांनी हातातला केक बशीत ठेवला, हे अघटितच.

“म्हणजे त्याला ठाऊक आहे, की पोरगा यायचा नाही?” त्यांनी विचारलं.

“ठाऊक असणारच,” बाई म्हणाल्या.

बेकरीवाले उठले. ओल्या डोळ्यांनी फळ्यापाशी गेले, ‘पहिला’ या शब्दापुढे ‘बोट’ आणि ‘दुसरा’पुढे ‘हॅटवाला’ लिहिलं आणि खडू टाकून हात झटकले. “पटलं,” ते म्हणाले. “आपण हरलो. बोटच.”

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. भूगोलबाईंनी बाईंना मिठी मारली. आणि मिठीत, भूगोलबाईंच्या खांद्यावरून फळ्याकडे बघताना, बाईंच्या ध्यानात आलं की एक ते अकरा सगळं भरलंय. आपण आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलाय. इतकं छान बोललो, की यादी जमली.

आता ‘हॅटवाला’ म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर डिस्कचा एक नवा कोरा संच काढून सगळ्यांना दाखवत होते. वेष्टनावर दुसऱ्याच एका दिग्दर्शकाचा चेहरा होता, कपाळावर आठ्या असलेला. पुढच्या शनिवारपासून हा. बाईंनी याचा एकही सिनेमा कधी ऐकला नव्हता.

“छान,” बाई म्हणाल्या. “हो ना.”

जिना उतरताना भूगोलबाईंनी त्यांचं कोपर धरून काहीतरी विचारलं. जिन्यात अंधार होता. बाई म्हणाल्या, “हो ना.” भूगोलबाई तिथेच थांबल्या. ज्या प्रश्नाला ‘हो ना’ हे उत्तर नसतं, असा प्रश्न विचारून माणूस थांबतं तशा. बाईंनी हात हलवला आणि झपाझप पुढे गेल्या. घरी पोचल्यावर त्या बराच वेळ पायातल्या चपला न काढता खुर्चीवर बसून राहिल्या. इतकं एकटं त्यांना बहिणीच्या जाण्यानेही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोक काय बोलतात ते ऐकू येत होतं.

रविवारी पावणेदहाला बाईंनी फोनवर तळहात ठेवला. घंटी थरथरली. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि सवयीने म्हणाल्या, “हां, अगं, पाणी आज वेळेवर आलं, भाजीवाला मात्र…”

तिथे त्या थांबल्या. काउंटरखालून वर येऊन विनोद करणारा तो कारकून त्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि काल त्याच्याबद्दल आपण काय काय बोललो तेही.

“ऐक,” बाई म्हणाल्या. “तू काय बोलतेस ते मला कळत नाही. आज नाही, कित्येक वर्षं झाली. ऐकूच येत नाही गं मला काही. मी आपली बोलत सुटते, तू काही विचारू नयेस म्हणून. तुझा आवाज आता कसा आहे तेही मला माहीत नाही. तुझी आई बोलायची तसा झाला असेल. शनिवारी मी त्या लोकांनाही सांगणार आहे, म्हणणार आहे, अक्षरं लावा. पण आधी तुला सांगावंसं वाटलं. तुला जमलं तर ये. समोर उजेडात बसून हळूहळू बोललीस, की कळतं मला. खोटं नाही, खरंच कळतं. एवढंच. आता तू बोल.”

आणि रिसीव्हर कानाला घट्ट लावून त्या बसल्या.

एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलेली एक गोष्ट त्यांनी सबंध नोकरीत मोडली नव्हती. बोलणाऱ्यांनी फोन ठेवल्याशिवाय आपण जोडणी काढायची नाही. तिथे सोपं होतं. पलीकडच्याने फोन ठेवला की बोर्डावरचा इवलासा दिवा सांगायचा. इथे दिवा नव्हता. भाची बोलत होती, की रडत होती, की फोन ठेवून केव्हाच इकडे यायची पिशवी भरायला लागली होती, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. हात अवघडला तेव्हा बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, आणि लाइन काही तोडली नाही.