साठ फुटांची चिमणी

चूक माझ्या नवऱ्याची आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. फोन त्यानं घेतला होता. मी तेव्हा कुणाच्या तरी बाथरूममध्ये उभी राहून, फरशी निळी की पांढरी, यावरून पेटलेलं सासू-सुनेचं भांडण मिटवत होते. आर्किटेक्ट होऊन वर्षानुवर्षं मी हेच करत आलेय. त्यामुळे गावाच्या नव्या वाचनालयासाठी माझ्याकडून आराखडा मागवलाय, हे ऐकल्यावर मी अक्षरशः धावत घरी आले. माझी पहिली सार्वजनिक इमारत! हे काम हातचं गेलं असतं, तर उरलेला जन्म फरश्यांतच गेला असता.

"अट एकच," नवरा म्हणाला. "इमारत बघताक्षणी आपल्या गावाची वाटली पाहिजे. अध्यक्षबाई म्हणाल्या, आपल्या गावाची ओळख म्हणजे चिमणी. लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलेली. तीच घ्या."

मला तर आनंदानं रडूच आलं. बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याची ती उंच, विटांची चिमणी आमच्या खिडकीतून रोज दिसते. बाई किती रसिक निघाल्या! मी तहानभूक विसरून कामाला लागले.

वाचनालय समितीच्या बैठकीत नवऱ्यानं आणि मी पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर ठेवलं. अध्यक्षबाईंना अनावरणाची भारी हौस, म्हणून त्यावर आमची चादर घातलेली. आधी माहिती सांगा, चादर मी काढेन, असा त्यांचा हुकूम होता.

"चिमणी मधोमध आहे," मी सुरुवात केली. "साठ फूट उंच."

"बापरे!" समितीतले दातांचे डॉक्टर म्हणाले. "बसलेली की उडती?"

या माणसाला डोकं आहे की नाही, असं मला वाटलं. "उभी," मी तुटकपणे म्हणाले. "आतून पोकळ. मुलं आत बसून वाचतील."

"चिमणीच्या पोटात!" अध्यक्षबाईंनी टाळी वाजवली. "किती गोड! पण आत शिरायचं कुठून?"

"खालून."

डॉक्टरांना ठसका लागला. बाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मला विचारलं, "पंख आहेत ना?"

"पंखे आहेत की. दोन. गरम हवा वरच्या तोंडातून बाहेर टाकतील."

"आणि चोच?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छत बघत होता. तेवढ्यात बाईंनी चादर ओढली.

"अगंबाई! हे काय? अहो, चिमणी म्हणजे चिवचिव करते ती चिमणी!"

ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे तेही बदललं नव्हतं.

"आम्ही निसर्ग मागितला," डॉक्टर म्हणाले, "आणि ह्यांनी कारखाना आणून ठेवला."

"काम सुबक आहे हो," बाई हळहळल्या. "पण आम्हाला आमची चिमणी हवी होती. दुसरा एक आराखडा आलाय, तोच बघावा लागेल."

झालं! गेलं काम. माझं डोकं सटकलं. "तुमची चिमणी! शेवटची कधी पाहिलीत हो?" नवऱ्यानं टेबलाखालून चिमटा काढला. मी त्याचा हात झटकला.

"रोजच की," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे... आमच्या जुन्या घराच्या वळचणीला असायच्या."

"ते घर कुठंय?"

"पाडलं. तिथे आता माझा दवाखाना आहे."

बाई बराच वेळ आठवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नातीला मी मोबाइलवर दाखवली. तिनं विचारलं, आजी, ही खरी असते का?"

मला फार वाईट वाटलं. भांडायचा जोरच गेला. कानावरची पेन्सिल काढून मी पुठ्ठ्याच्या चिमणीला एक भोक पाडलं. "इथली वीट काढून टाकायची. आत हातभर पोकळी, वर आडोसा. घरटं होईल. अशी वरपर्यंत."

"द्या इकडे," डॉक्टर पुढे सरसावले. "भोकं पाडणं माझं काम." एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून ते सुरेख कोरायला लागले. माझ्या मॉडेलची चाळण झाली. दर भोकामागे बाई "अजून एक" म्हणत होत्या.

शेवटी डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "एवढं करून त्या आल्याच नाहीत, तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. येतीलच म्हटलं असतं, तर काम खिशात होतं. पण मला खोटं बोलवेना. "माहीत नाही," मी म्हणाले.

अध्यक्षबाईंनी दुसऱ्या आराखड्याची गुंडाळी न उघडताच बाजूला सारली. "वाचणारे येतील, याची तरी कुठं खात्री आहे?" त्या म्हणाल्या. "तरी बांधतोयच ना?"