आधी लावलेला रंग

“बाबा, इथे नका बसू. पलीकडे चला, इथे ऊन लागेल.”

बाबांनी मान वर करून ढगाळ आभाळाकडे पाहिलं, मग मुलाकडे. “कुठलं ऊन?” पण मुलाने, या स्टँडच्या फिटरने, एव्हाना त्यांची काठी उचलली होती. त्याची बायकोही कुरकुरत उठली.

“चांगली मधली जागा मिळाली होती. पण यांचं कुठे समाधान व्हायला.”

प्रेक्षकांना बसायचं हे स्टँड म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर फळ्या अन् खुर्च्या. महिन्याभराने समोरच्या मैदानात देशोदेशीचे खेळाडू धावणार आणि खेळ संपले की हा सगळा डोलारा सुटा करून ट्रकमध्ये भरणार. आज त्याची चाचणी होती. स्टँड माणसांनी भरायचं आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी एकदम उड्या मारायच्या. माणसं आणायची कुठून, तर ज्यांनी स्टँड बांधलं त्यांनाच घरच्यांसकट बोलावलं होतं. वर चहा-बिस्किटं.

फिटरचं काम खालचं, पाइपांच्या जंजाळातलं. नट आवळायचा आणि आवळल्याची खूण म्हणून त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की तपासणारा पुढे जातो. पण लोंबकळत एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पाना सांभाळणं म्हणजे कसरत. म्हणून त्याने एक सोय काढली होती. जाताना नुसते ठिपके द्यायचे, येताना नट आवळायचे. कधी चुकलं नव्हतं. मग एका संध्याकाळी बायकोचा फोन आला की बाबा न्हाणीघरात पडले, आणि तो होता तसाच खाली उतरला. दुसऱ्या दिवशी त्याला मैदानाच्या त्या टोकाला पाठवलं. मधल्या ओळीखालचे नट आवळून झाले होते की नुसतेच रंगवले होते, हे त्याला काही केल्या आठवेना. आधी लाजेने बोलला नाही, नंतर नोकरीच्या भीतीने. झाले असतील, असं मनाला समजावत राहिला. आज बाबा नेमके त्याच ओळीत जाऊन टेकले होते.

त्यांना पलीकडे बसवल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. पण तो जीव काही फार वेळ तिथे राहिला नाही. निळ्या गणवेशातल्या बायकांचा एक घोळका वर चढून आला. खेळाडूंच्या इमारतींत खाटा लावणाऱ्या या बायकांनाही माणसं कमी पडली म्हणून कामावरून बोलावलं होतं. जागा दाखवणाऱ्याने त्यांना मधल्या मोकळ्या ओळीत बसवलं.

“सकाळपासून दुसऱ्यांच्या गाद्या घालतेय,” त्यांतली एक जाडजूड बाई ऐसपैस बसत म्हणाली. “आता मला इथून कुणी उठवून दाखवा.” बाकीच्या हसल्या. एकीच्या मांडीवर तिची लहान मुलगी होती आणि ती आत्तापासूनच पाय आपटत होती.

फिटरने मान फिरवली. पण ते पाय आपटणं त्याला ऐकू येत राहिलं. आपली माणसं त्याने उचलून नेली होती आणि जागा यांच्यासाठी मोकळी करून ठेवली होती.

“अहो, घाम किती आलाय तुम्हाला,” बायको म्हणाली. “बरं नाही का वाटत?”

लाउडस्पीकर खरखरला. सगळ्यांनी उभं राहा, भोंग्याची वाट बघा. फिटर उठला आणि पायऱ्यांवरून सुपरवायझरच्या चौथऱ्याकडे पळत सुटला.

“साहेब, भोंगा थांबवा.”

“का रे?”

“मधल्या ओळीखाली मी रंग आधी लावलाय.”

साहेबांनी स्वतः उमेदीची वर्षं पाना चालवला होता. त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही. त्यांनी लोकांना शांतपणे खाली उतरवलं, टॉर्च घेतला आणि फिटरला पुढे घालून स्टँडखाली शिरले.

पहिला नट हलला नाही. दुसराही पक्का होता. फिटरला वाटलं, उगाच घाबरलो, उगाच सगळ्यांना उठवलं. तिसरा नट बोटांनी फिरला. चौथाही फिरला. तिथून ओळीच्या टोकापर्यंत प्रत्येक नटावर ठिपका होता आणि प्रत्येक नट ढिला होता. पाइपाला धरून तो खाली बसला.

“ऊठ,” साहेब म्हणाले. “आवळ.”

त्याने एकेक नट आवळला. साहेब प्रत्येक नट आपल्या पान्याने पुन्हा तपासत होते. मग दोघे बाकीच्या स्टँडखालून फिरले, कुठे काही निघालं नाही. बाहेर आल्यावर साहेबांनी हात पुढे केला. फिटरने गळ्यातला पास काढून त्यांच्या हातावर ठेवला.

“उद्यापासून नको येऊस,” साहेब म्हणाले. मग म्हणाले, “सांगितलंस ते बरं केलंस.”

चाचणी पुन्हा सुरू करायची होती. माणसं परत वर चढली, पण नट ढिले निघाल्याची बातमी पसरली होती आणि मधली ओळ रिकामीच राहिली. मघाची जाडजूड बाईही मागेच उभी होती. लाउडस्पीकरवरून दोनदा विनंती झाली, तरी कुणी हललं नाही.

तेव्हा बाबा उठले. काठी टेकत टेकत मधल्या ओळीत गेले आणि मघाच्याच खुर्चीवर बसले. फिटर धावत त्यांच्यापाशी गेला.

“बाबा, उठा. मला भीती वाटते.”

“मलाही वाटतेय,” बाबा म्हणाले. “मी पडलो आणि तू काम टाकून धावत आलास, त्या संध्याकाळची ना रे ही ओळ?”

फिटर शेजारी बसला. तेवढ्यात बायको आली, तिचे डोळे लाल झाले होते. “सरका जरा,” ती म्हणाली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. मग मागच्या बाया एकेक करून खाली आल्या. मुलगीवाली मात्र तिथेच थांबली आणि ते बरंच झालं.

भोंगा वाजला. बाबांना उडी मारता येत नव्हती, म्हणून ते बसूनच काठी फळ्यांवर आपटू लागले. फिटरने एका हाताने त्यांचा दंड घट्ट धरला, डोळे मिटले आणि उडी मारली.