सगळे चौकोन हिरवे

...टोपण निघालं, पण पेन उमटेना. कुबानिचनं ते झटकलं, तळहातावर घासलं, टोकावर फुंकर घातली, तेव्हा कुठे तळव्यावर एक ओली रेघ आली – आणि त्याच्या लक्षात आलं, एप्रिलपासूनचं हे तिसरं हिरवं पेन. लाल मात्र अजून दुकानातल्या वेष्टनातच पडलंय. भिंतीवरच्या तक्त्यावर सव्वीस आठवड्यांचे सव्वीस चौकोन, सगळे कुरणासारखे हिरवेगार. सत्ताविसावा तेवढा कोरा होता, आणि बारा वाजता गावाच्या नळाचं उद्घाटन होतं.

सव्वीस आठवड्यांत एकही वाईट गेला नाही? हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. राजधानीतले, बिश्केकचे साहेब दर शुक्रवारी तक्त्याचा फोटो मागत आणि उत्तरादाखल उभा अंगठा पाठवत. प्रकल्पाचा व्यवस्थापक म्हणून त्याचं नाव झालं होतं ते याच अंगठ्यांवर.

आणि पाणी खरंच येणार होतं. झऱ्यापासून नऊ किलोमीटर नळ, बहुतेक सगळा पुरुषभर खोल. घळीजवळचे दोनशे मीटर तेवढे खडकात, कमरेइतकेच. जानेवारीत इथली जमीन छातीइतकी खोल गोठते. म्हणजे... म्हणजे काय ते ऑगस्टातच कळलं होतं.

"कमरेइतकंच गेलंय, नळ गोठेल," झूरा एजे तेव्हा भर बैठकीत म्हणाली होती. ती कामावरची मुख्य अभियंता, त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी. थोरली बहीण म्हणून सगळे तिला एजेच म्हणत. "खडक फोडायचं यंत्र मागव. तीन आठवडे जातील, उद्घाटन पुढे ढकल."

"एजे, अडचणी आणू नका, उपाय आणा."

"उपायच सांगितला की. तुझ्या कानात तारीख अडकलीय, त्याला मी काय करू?"

सगळे हसले. तोही हसला – आणि पुढच्या सोमवारी बैठकीला आसानकुल अक्साकालना घेऊन आला. ऐंशी पार केलेला, पांढऱ्या दाढीचा, गावातला सर्वांत वडीलधारा माणूस. त्यांनी तळवे पसरले, काम ठरल्या दिवशी पार पडो म्हणाले, शेवटी ओमीन, म्हणजे तथास्तु, आणि बैठकीतल्या बाराही जणांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. इथे याला बाता म्हणतात; ती मिळाली. थोरांचा असा आशीर्वाद घेऊन वर 'पण' म्हणायचं, इतकं वाईट वळण इथे कुणाला नसतं. झूरा एजेनंही तळवे फिरवले, फक्त फिरवताना बोटांच्या फटीतून त्याच्याकडे पाहिलं. पुढे ती बैठकीत सिमेंटबद्दल बोलली, डिझेलबद्दल बोलली. घळीबद्दल शब्द नाही.

लोकांना हुरूप यावा म्हणून आणलं मी त्यांना... हो, हुरूपच. गप्प करायचं असतं तर मी... तर मी नेमकं हेच केलं असतं.

दार ढकलून झूरा एजे आत आली. हातात कणकेच्या गरम बोरसोकची परात, तळणीचा वास.

"खा. उद्घाटन आहे, मयत नाही."

"पाणी येईल ना, एजे?"

"आज धो धो येईल. ऑक्टोबरात पाणी सगळ्यांचं ऐकतं."

"आणि जानेवारीत?"

"ते तुझ्या भिंतीला विचार. तिला सगळं हिरवंच दिसतं."

"तुम्ही पुन्हा बोलायला हवं होतं."

ती परात ठेवता ठेवता थांबली. "दार तूच लावून घेतलंस, भावड्या, आणि आता विचारतोस, आत का नाही आलात." मग आवाज उतरवून, "जमीन गोठायला तीन आठवडे आहेत. खाणीवरचं यंत्र मोकळं उभं आहे. मी बोलले तर म्हातारी कुरकुरते. तू बोललास तर नळ बंद ठेवून घळ खणतील. माझं घर घळीपलीकडे. सुनेला पाचवा लागलाय. जानेवारीत नदीचा बर्फ फोडून पाणी कोण आणेल, तू सांग."

उत्तराची वाट न पाहता ती गेली. त्यानं एक बोरसोक उचलला, परत ठेवला. चौकोन कोराच राहिला.

बारा वाजता फीत कापली, नळ उघडला, पाणी खरंच धो धो आलं. जिल्हाप्रमुखांनी वाडगाभर पिऊन दाखवलं. कढईत मेंढा शिजत होता, बायका हसत होत्या – सगळं इतकं हिरवं होतं की त्याला श्वास पुरेना. आसानकुल अक्साकालनी तळवे वर केले. सगळ्यांनी केले. त्यानंही केले, आणि डाव्या तळव्यावर सकाळची ती हिरवी रेघ दिसली.

"कुणाच्या दारचं हे पाणी कधी न आटो. ओमीन."

सगळ्यांचे तळवे चेहऱ्यांवरून फिरले. त्याचे तसेच राहिले... आता तळवे फिरवले तर रेघ तोंडाला लागेल, असा काहीतरी खुळा विचार; पण हात चेहऱ्याकडे जाईनात हे खरं. जिल्हाप्रमुखांनी वळून पाहिलं. मागच्या रांगेतून झूरा एजेनंही. सहा महिने ज्या शांततेला तो भीत आला – ओमीननंतरची, जिच्यात एकट्यालाच बोलावं लागतं – ती हीच होती, आणि तिच्यात उभं राहिल्यावर नुसतंच गार वाटत होतं. एकवीस दिवस, त्यानं मोजलं. आज धरून बावीस. उघड्या तळव्यांवर वारा लागत होता, जिभेवर 'पण' येऊन थांबला होता, आणि तो गिळायला या वेळी तोंडात थुंकीच नव्हती.