राखेतल्या चेटकिणींची साक्ष

तेगवेनच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी चुलीपासून दारापर्यंत दाटून उभ्या होत्या, दोघीतिघींनी बाहेरून खिडकीत माना घातल्या होत्या. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या लाकडी पाटावर खिळले होते. पाटाच्या मधोमध, उपड्या काचेच्या पेल्याखाली, मूठभर करडे किडे वळवळत होते. ओला दगड उचलला की खालून पळत सुटतात तेच हे, ढालीसारख्या पाठीचे. पण वेल्समधल्या त्या डोंगराळ गावात त्यांना म्हणत ‘राखेतल्या चेटकिणी’, आणि घोटाळा तिथेच झाला होता.

गेले कित्येक दिवस या चेटकिणी चुलीशेजारच्या भिंतीतून निघत होत्या. पिठाच्या डब्यामागे, अंथरुणात, पाळण्याखाली. आणि पाळण्यातली छोटी नेस्ट खोकून खोकून निळी पडत होती. तेगवेनची सासू हाविस म्हणाली, “नावातच चेटकीण आहे की! कुणी बोलावल्याशिवाय का येते?” आणि तिनं डोंगरापलीकडून मंत्रतंत्र करणाऱ्या ‘जाणत्या’ कॅडवलडरला आणवलं.

“मी कोण बोलणारा?” काळ्या कोटातला कॅडवलडर डोळे मिटून म्हणाला. “बोलतील त्या! ज्याच्याकडे चालतील, त्यानंच त्यांना या घरात आणलं. माझं तोंड म्हणजे फक्त त्यांचं दार.”

“दार बरंच रुंद दिसतंय,” खिडकीतली एक पुटपुटली. कुणी हसलं नाही.

पाटाच्या एका टोकाशी त्यानं तेगवेनला बसवलं होतं, दुसऱ्या टोकाशी हाविसला. नेस्ट हाविसच्या मांडीवर, शालीत. ठरलं होतं ते एवढंच: चेटकिणी तेगवेनकडे वळल्या, तर मूल आजच हाविसच्या लेकीकडे दरीपलीकडे जाणार, आणि आईनं तिथला उंबरा ओलांडायचा नाही. नवरा लांबच्या खाणीवर, शनिवारी घरी येणारा. तोवर सगळं उरकलेलं असणार.

कॅडवलडरनं पेला उचलला आणि गायला लागला. तेगवेनच्या अंगावर काटा आला, कारण सूर ओळखीचा होता. रविवारी चर्चमध्ये पाळक इदवाल यांचा उपदेश रंगात आला की बोलता बोलता त्याचं गाणं व्हायचं, आणि त्या सुरात देव अगदी जवळ आल्यासारखा वाटायचा. तोच चढता सूर यानं उचलला होता. बायका नकळत ‘आमेन’ म्हणायला लागल्या. खुद्द पाळक आजारी बाळाला बघायला आलेले, दाराशी गर्दीत अडकले होते.

किडे आधी भरकटले. मग एक वळला, दुसरा वळला, आणि मग सगळेच सरकत सरकत तेगवेनच्या टोकाला येऊन गोळा झाले.

“आई, नाही हो! माझी लेक आहे ती!” तेगवेन ओरडली.

“उठू नकोस, पोरी,” हाविस म्हणाली. शाल तिनं घट्ट आवळली.

तेगवेननं दोन्ही हातांनी पाट धरला. तळवे गार पडले. तिनं हात उलटे करून पाहिले.

“पाट ओला आहे,” ती म्हणाली. “माझ्या बाजूनं ओला आहे.”

“पाप्याच्या हाताला घाम सुटतोच!” कॅडवलडर गरजला. “पाटाला हात लावू नका कुणी!”

“घाम लाकडाच्या आतून येतो का हो?” पाळक गर्दीतून वाट काढत पुढे आले. “हाविसबाई, तुमच्या बाजूला चाचपा बरं.”

हाविसनं बोट टेकवलं. “कोरडा. गरम आहे... चुलीजवळ ठेवल्यासारखा.”

“तेगवेन, फिरव पाट.”

“पाळकसाहेब, चेटकिणी कोपतील!”

“कोपू देत. फिरव.”

तिनं पाट फिरवला. किडे आता हाविसच्या समोर होते, आणि तिथेच ओल्या लाकडाला चिकटून राहिले. पाळकांनी चमच्यानं ते सगळे पुन्हा मध्ये लोटले. किडे घुटमळले, वळले, आणि हाविसकडे चालू लागले.

“मी?” हाविस पांढरीफटक पडली. “देवाशपथ, मी नाही कुणाला बोलावलं!”

“तिनंही नाही,” पाळक म्हणाले. “माझ्या बागेत रोपं कुरतडतात ना, तेव्हा मी रात्री ओलं गवत भरून कुंडी उपडी ठेवतो. सकाळी सगळे तिच्यात. कोरड्या हवेत या जिवाचा श्वास कोंडतो, म्हणून तो ओल शोधतो. यानं पाटाचं एक टोक भिजवलं, दुसरं शेकलं. बस्स.” मग ते कॅडवलडरकडे वळले. “आणि बाबा रे, तो सूर देवाचं गुणगान करायला आहे. आईपासून लेकरू तोडायला नाही.”

कॅडवलडर कोट सावरत दाराकडे सरकला. त्याला कुणी वाट करून दिली नाही. अंग चोरून जावं लागलं.

हाविस उठली आणि तिनं नेस्टला तेगवेनच्या हातात दिलं.

भिंतीबाहेर जाऊन पाहिलं तर फुटक्या पन्हळीचं पाणी दगडांत मुरत होतं, आणि भिंतीला टेकून ओली लाकडं कुजत पडली होती. त्याच दुपारी सगळ्या बायकांनी मिळून लाकडं हलवली. नेस्टला दुसऱ्या, कोरड्या खोलीत ठेवलं आणि डॉक्टरला निरोप गेला. किडे बागेच्या टोकाला पाचोळ्यात सोडले. तिथे ते कुजलेलं खाऊन मातीच करतात.

बायांनो, बाप्यांनो, देवाला जरूर भजा, जीव ओतून गा. पण भिंतीतून किडे निघाले तर आधी भिंत हातानं चाचपा. सुनेकडे बोट दाखवण्याआधी ते बोट एकदा ओलीला लावून बघा.